वेस कोणाच्या हाती?

आपल्या कार्यकर्त्यांत अलीकडे एक मागणी वारंवार ऐकू येते : फेसबुक, एक्स ही प्रस्थापितांची माध्यमे सोडावीत आणि विकेंद्रित माध्यमांकडे जावे. या मागणीमागचा संताप रास्त आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात पत्रकार दिलीप मंडल यांच्या खात्यावर तेव्हाच्या ट्विटरने निर्बंध घातले. त्याच सुमारास ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खातेही बंद झाले. ट्विटर जातीयवादी आहे, निळी खूण देतानाही जात पाहिली जाते, असा आरोप करीत बहुजन तरुणांनी मोहीम उघडली. अनेक भारतीय तेव्हा मॅस्टोडॉनवर गेले. हा अनुभव आपल्याला नवा नाही. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी' तयार नव्हता.

'केसरी'चे दार कोण अडवतो हे निदान ठाऊक होते. आजच्या केंद्रित माध्यमात मजकूर बहुधा आधी यंत्र तपासते. अत्याचाराची हकिकत सांगताना जातिवाचक शिवी जशीच्या तशी लिहावी लागते. तेवढ्यावरून शिवी देणारा राहतो आणि हकिकत उडते, असेही घडू शकते. निकाल कंपनीचा, अपीलही पहिल्यांदा तिच्याकडेच.

२०१६ साली सुरू झालेल्या मॅस्टोडॉनची रचना वेगळी आहे. कोणीही आपला सर्व्हर चालवावा, आपले नियम करावेत, इतरांशी जोडून घ्यावे. एकाने हाकलले तर दुसरीकडे जाता येते. थोडक्यात, हा खेड्यांचा संघ आहे. आणि खेडे म्हटले की आपण सावध झाले पाहिजे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवीकरणावर घणाघात केला, तो उगाच नव्हे. केंद्र दूर झाले म्हणजे पाटीलकी संपली असे होत नाही. सर्व्हर ज्याचा, वेस त्याची. तो माणसाला काढू शकतो, शेजारच्या सर्व्हरशी व्यवहार तोडू शकतो. व्यवहार तोडणे म्हणजे काय, हे आमच्या बीड जिल्ह्यातील दलित वस्त्यांना समजावून सांगायला नको!

हेच हत्यार उलटही चालते, हे मात्र मान्य केले पाहिजे. २०१९ मध्ये वर्णद्वेष्ट्यांचा अड्डा ठरलेले अमेरिकेतील गॅब मॅस्टोडॉनच्या प्रणालीवर आले, तेव्हा अनेक सर्व्हरांनी त्याच्याशी संबंध तोडले. पण त्यासाठी कोणीतरी वेशीवर बसावे लागते, तक्रारी वाचाव्या लागतात, सर्व्हरचे भाडे भरावे लागते. १९२७ साली निघालेले 'बहिष्कृत भारत' पैशाच्या ओढाताणीतच बंद पडले. म्हणून मी म्हणेन, पुरावे व नोंदी आपल्या सर्व्हरवर जपाव्यात. हाक मात्र जिथे गर्दी आहे तिथेच द्यावी.

शिवाय दोन्ही माध्यमे एकाच तारेवर लोंबकळतात. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मराठा आरक्षण आंदोलनात माजलगाव व बीड येथे जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि जिल्ह्यातील इंटरनेट बंद झाले. मग फेसबुक काय नि मॅस्टोडॉन काय, दोन्ही मुकी. अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असे बजावले आहे. ती प्रत मागायला आणि तिला आव्हान द्यायला कोणताच सर्व्हर लागत नाही.