पोलादावरील शुल्क आणि गोरेगावचा पत्रा

गोरेगावात छपराचे पत्रे विकणारा दुकानदार स्वतः आयातदार नसतो. तरीही परदेशी पोलादाची चौकशी सुरू झाल्याची वार्ता येताच घाऊक भाव हलतात आणि कॅश क्रेडिटवर भरलेल्या त्याच्या मालाचे मोल बदलते. बँकेच्या नोकरीत स्टॉक स्टेटमेंट तपासताना मी हे पाहिले आहे.

निर्यातदार स्वदेशातील भावाहून स्वस्त दराने माल येथे पाठवतो आणि त्यामुळेच भारतीय उद्योगाची हानी होते, हे दोन्ही सिद्ध झाले तरच व्यापार उपाय महासंचालनालय शुल्काची शिफारस करते. ते लावणे अर्थ मंत्रालयाच्या हाती. २१ एप्रिल २०२५ चे १२ टक्के शुल्क मात्र निराळे. ते वाढत्या आयातीवरील तात्पुरते संरक्षक शुल्क होते. येथे पुष्कळांची गल्लत होते.

१९९५ च्या नियमांनुसार आयातदारांना, माल वापरणाऱ्या उद्योगांना आणि किरकोळीने विकल्या जाणाऱ्या वस्तूंबाबत ग्राहक संघटनांना म्हणणे मांडता येते. पत्र्याच्या दुकानदाराचा त्यांत नावानिशी उल्लेख नाही.