ओटा उचलताना

पुण्यात स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं की पावलं आपोआप कात्रज-कोंढवा रस्त्याला वळतात. दुतर्फा मार्बलची दुकानं, लोखंडी घोड्यांना तिरक्या टेकवलेल्या लाद्या. 'इको-फ्रेंडली' हा शब्द इथे हल्ली कुठल्याही दगडाला लावतात. एका दुकानात तो मोरबीहून आलेल्या क्वार्ट्जला लावला होता, शेजारच्या दुकानात चक्क जहाजाने आलेल्या इटालियन मार्बलला.

क्वार्ट्ज म्हणजे दळलेली गारगोटी आणि पॉलिस्टर रेझिन यांचं मिश्रण. त्यात 90 टक्क्यांच्या आसपास सिलिका. हळदीचा डाग सहसा पडत नाही, हवा तो रंग मिळतो, हे खरं. पण तो कापताना उडणारी धूळ कापणाऱ्याच्या फुप्फुसात जाऊन बसते ती कायमची. ऑस्ट्रेलियात ओटे बसवणाऱ्या कामगारांमध्ये सिलिकोसिसचे इतके तरुण रुग्ण निघाले, की 1 जुलै 2024 पासून तिथे या कृत्रिम दगडावर बंदीच आली. आपल्याकडे तो गल्लीत, खिडकीखाली, हातातल्या कटरने कापला जातो. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, पण क्वार्ट्जच्या मानाने पुष्कळ कमी. कडप्पा स्वस्त आणि जवळचा, आंध्रातून येणारा; मात्र तो चुनखडीचा दगड. लिंबू पिळताना थेंब सांडला आणि पुसायचा राहिला, की पांढरट ठिपका उमटलाच. म्हणून आपल्या घरांत कडप्पा उभा लावतात, ओट्याच्या खाली, आणि वर ग्रॅनाइट.

आमच्या जुन्या ओट्याचीही रचना हीच होती. वीस-एक वर्षांचा काळा ग्रॅनाइट, पॉलिश गेलेलं, पण दगड शाबूत. डोंगरातून एकदा काढलेला, इथवर ट्रकने आणलेला दगड फोडून नदीकाठी राडारोड्यात टाकायचा आणि त्याच जातीचा नवा आणायचा, यात पर्यावरणाचं भलं कुठे होतं ते मला कळेना. मिस्त्रींना विचारलं, हाच काढून परत लावता येईल का? ते हसले. "काढायची मजुरी नव्या दगडाएवढी होईल, ताई." मग ओट्याकडे बघून म्हणाले, "शेगडीकडचा तुकडा येईल. सिंककडचा नाही येणार."

का, ते काम सुरू झाल्यावर दिसलं. लादीची मागची कड भिंतीत गेलेली असते, त्यामुळे आधी डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या, खालच्या ओळीतल्या टाइल्स काढाव्या लागतात. मग छिन्नीने सिमेंट मोकळं करायचं, कडप्प्याच्या डोक्यावर पहारेचं टोक सरकवायचं आणि एका जागी जोर न लावता, थोडं इकडे थोडं तिकडे, असं उचलत जायचं. सिंकसाठी भोक पाडलेलं असतं तिथे पुढे-मागे दगडाची जेमतेम तीन-चार इंचांची पट्टी उरते. सगळा ताण तिच्यावर येतो. ती तुटलीच. शेगडीकडची लांब लादी मात्र अखंड आली. चौघांनी ती दाराबाहेर नेऊन भिंतीला उभी केली, आडवी नाही. आडवी उचलली तर स्वतःच्याच वजनाने मोडते.

कडा नव्याने घासताना मिस्त्रींचा पोऱ्या शेजारी पाण्याची बाटली घेऊन बसला होता. झाकणाला भोक, त्यातून पात्यावर सतत धार. धूळ उडण्याऐवजी करडा चिखल ओघळत होता. पाण्याने चिकचिक होते म्हणून बरेच ग्राहक कोरडंच कापायला सांगतात, असं मिस्त्री म्हणाले. सिंककडे नवी लादी आली. काळ्याला काळा जुळला. सांधा दिसतो. दिसू दे.

ओट्यानंतर फ्रिज. त्याच्या दुकानात दगडाऐवजी तारे मोजतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं हे ताऱ्यांचं लेबल 2006 पासून आहे आणि उपयोगी आहे, फक्त वाचायचं खालून. तारे देताना फ्रिजचा आकार आणि प्रकार धरलेला असतो, त्यामुळे पाच ताऱ्यांचा मोठा फ्रिज तीन ताऱ्यांच्या लहान फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. खरा आकडा वर्षाच्या युनिटांचा. शिवाय निकष मधूनमधून कडक होतात, म्हणून लेबलवरचा कालावधीही बघायचा. आणि मागच्या पत्र्यावर आर-600ए लिहिलंय का तेही. हा थंडाव्याचा वायू गळला तरी हवामानाला त्याचा उपद्रव जुन्या आर-134एच्या तुलनेत नगण्य.

इंडक्शनबद्दल मात्र मी दुकानदाराशी वाद घातला. त्याच्या मते गॅस जुनाट, इंडक्शन हिरवं. हिशेब करू. 14.2 किलोचं सिलिंडर जळून साधारण 42 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि उष्णतेचा दोन तृतीयांश भाग भांड्याला लागतो. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायला 140 युनिटांच्या आसपास वीज हवी. देशाच्या ग्रीडमधल्या एका युनिटमागे आज सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, कारण ती वीज अजून मुख्यतः चंद्रपूर-कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळूनच होते. म्हणजे शंभरेक किलो, दुपटीहून जास्त. गॅस काढण्या-आणण्याचा खर्च यात धरलेला नाही, पण तो धरूनही एवढी दरी भरून निघेलसं वाटत नाही. गॅसचा धूर घरात राहतो, हा इंडक्शनच्या बाजूचा मुद्दा खरा. त्याला उपाय उघडी खिडकी आणि चालू चिमणी. गच्चीवर स्वतःचं सोलर असेल तर गणित पार उलटतं. आमच्या सोसायटीचं सोलर लिफ्टपुरतं. तेव्हा शेगडी ठेवली, आणि इलेक्ट्रिशियनकडून ओट्यावर वेगळ्या वायरचा पॉवर पॉइंट काढून घेतला. ग्रीड सुधारलं की इंडक्शन लावू.

राहिला आरओ. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये म्हटलं होतं, की पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला 500 मिलिग्रॅमहून कमी असेल तिथे आरओवर बंदी असावी. खडकवासल्याचं पाणी त्याच्या कितीतरी खाली. तरी घरोघर आरओ चालतात आणि एक हंडा भरताना दोन-तीन हंडे मोरीत सोडतात. विक्रेता घरी आला तो दोन ग्लास आणि विजेच्या कांड्यांचं यंत्र घेऊन. नळाच्या पाण्यात कांड्या बुडवल्या. मिनिटात पाणी तांबूस, वर फेस. आरओच्या पाण्यात काही नाही. "बघा, काय पिताय!" तो गंज लोखंडी कांडीचा असतो. नळाच्या पाण्यातून क्षारांमुळे वीज वाहते, कांडी झिजते. आरओच्या पाण्यात क्षार अगदी कमी असल्याने ती फारशी वाहत नाही. मी त्याच्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि पुन्हा कांड्या बुडवायला सांगितल्या. तेही तांबूस झालं. मग त्याने बॅगेतून यूव्हीचं माहितीपत्रक काढलं. त्यात पाणी वाया जात नाही, तेच घेतलं.