चिकावर पहिला हक्क रेडकाचा : म्हशींच्या विण्याच्या हंगामात गोठ्यात काय घडते

नवी दिल्ली : पावसाळा मध्यावर आला की महाराष्ट्रातील म्हशींच्या गोठ्यांत रात्रीची जागरणे सुरू होतात. गाई वर्षभर वितात; म्हशींचे तसे नसते. दिवस लहान होऊ लागले की बहुतेक म्हशी माजावर येतात. त्यांचा गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा असल्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाभण राहिलेली म्हैस पुढल्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विते. दूध संघांचा हिवाळ्यातील पुष्टकाळ आणि उन्हाळ्यातील कृशकाळ यांमागचे हे एक प्रमुख कारण आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ११ कोटी म्हशी आहेत. त्यांच्या वर्षभराच्या दुधाचे गणित मात्र विण्याच्या आधीचे दोन महिने आणि नंतरचे दोन-तीन दिवस यांवर बरेचसे ठरते.

तयारी आधीपासूनच सुरू होते. विण्याच्या सुमारे ६० दिवस आधी म्हैस आटवली जाते, म्हणजे तिची धार काढणे थांबवले जाते. या काळात कासेला विश्रांती मिळते आणि पोटातील रेडकाची वाढ सर्वाधिक वेगाने होते. ‘दूध देत नाही, मग पेंड कशाला’ असा हिशेब करून या दिवसांत खुराक तोडला, तर त्याची किंमत पुढील वेतात मोजावी लागते.

दिवस भरत आले की पहाटे शेण काढताना आणि संध्याकाळी धारा काढताना गाभण म्हशीवर वेगळी नजर ठेवावी लागते. कास भरून येते, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडतात, म्हैस चारा सोडते आणि सारखी ऊठबस करू लागते. अशा वेळी तिला दावणीवरून सोडवून कोरड्या, स्वच्छ जागी बांधतात. रेडकाचे पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेले डोके आधी दिसले, तर प्रसूती नैसर्गिक आहे असे समजावे. पाणमोट फुटून दोन तास उलटले तरी प्रगती दिसत नसेल, तर ओढाताण न करता पशुवैद्यकाला बोलवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे.

रेडकू जमिनीवर आले की नाकातोंडातील चिकट स्राव पुसणे, नाळ स्वच्छ कापून तिला टिंक्चर आयोडीन लावणे आणि म्हशीला ते चाटू देणे, ही पहिली कामे. त्यानंतर प्रश्न येतो चिकाचा. माणसाच्या बाळाला रोगप्रतिकारक द्रव्ये आईच्या पोटातच मिळतात. म्हशीच्या वारेची रचना निराळी असल्याने रेडकू या संरक्षणाविना जन्मते. ते त्याला केवळ चिकातून मिळते आणि चिकातील ही द्रव्ये शोषून घेण्याची त्याच्या आतड्याची क्षमता २४ तासांत जवळजवळ संपते. म्हणून पहिल्या तासाभरात चीक पाजणे आणि दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे ३० किलोच्या रेडकाला सुमारे तीन लिटर, दोन-तीन वेळा विभागून देणे आवश्यक असते. अनेक घरांत वार पडेपर्यंत चीक पाजत नाहीत. वार पडायला आठ ते बारा तास लागू शकतात; तोवर थांबणे रेडकाच्या जिवावर बेतू शकते.

खरवस शेजारीपाजारी वाटण्याची रीत जुनी आहे आणि शहरांत त्याला चांगला भावही मिळतो. चीक तापवला की गोठतो, त्यामुळे पहिले काही दिवस हे दूध डेअरीत चालत नाही. खरवस करण्यात गैर काही नाही. मात्र रेडकाचे पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचाच तो असावा. नर रेडकाच्या वाट्याला उपेक्षा अधिक येते, कारण शेतीत त्याला काम उरलेले नाही. पण रेडकू दगावले की अनेक म्हशी पान्हा सोडत नाहीत. पूर्वी मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवत. आता काही जण ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनकडे वळतात. पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय हे औषध विकता येत नाही. शिवाय जनावराला अपाय होईल अशी इंजेक्शने दूध वाढवण्यासाठी देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

म्हशीवरील संकटही याच दिवसांत येते. चिकाबरोबर शरीरातील कॅल्शियम वेगाने बाहेर पडते आणि साधारण तीन दिवसांच्या आत दुग्धज्वर होऊ शकतो. नावात ज्वर असला तरी यात अंग तापत नाही, उलट कान थंड पडतात. म्हैस मान कुशीकडे वळवून बसून राहते. शिरेतून वेळीच कॅल्शियम दिले तर ती बहुधा काही तासांत उभी राहते. उशीर झाला तर दगावते. जास्त दुधाच्या म्हशीची कास पहिले एक-दोन दिवस पूर्ण रिकामी करू नये, असे सांगतात ते यासाठीच.

पडलेली वार उघड्या हातांनी उचलू नये आणि उकिरड्यावर टाकू नये. ती खोल पुरावी, कारण तिच्यातून ब्रुसेलोसिस माणसालाही होऊ शकतो. माद्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयात या रोगाची लस एकदाच टोचली जाते. तोवर जगलेली पारडी तीन-चार वर्षांनी स्वतः दावणीला दुभती म्हणून उभी राहते. नवी म्हैस विकत घेण्याची ऐपत नसलेल्या घरासाठी गोठा वाढवण्याचा हाच मार्ग असतो.