एग्मोरमधले हात

चेन्नईतल्या एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात, 1851 साली सुरू झालेल्या त्या जुन्या संस्थेत, कांस्यमूर्तींचं दालन आहे. तिथे शिरलेला माणूस आधी चेहऱ्यांकडे बघतो, पण चेहरे फारसा पत्ता लागू देत नाहीत. शिव, पार्वती, राम, सगळे सारखेच शांत. बोलण्याचं काम त्यांनी हातांवर सोपवलंय.

तिरुवालंगाडूचा नटराजच घ्या. प्रभावळ नसल्यामुळे त्याचे चारही हात मोकळे दिसतात. मागच्या उजव्या हातात डमरू, मागच्या डाव्या हातात अग्नी. पुढचा उजवा तळवा आपल्याकडे वळलेला, म्हणजे अभय. पुढचा डावा मात्र छातीवरून आडवा येऊन सैल लोंबतो. हा गजहस्त, हत्तीची सोंड. तेराव्या शतकातल्या ‘उण्मै विळक्कम’ या तमिळ शैव ग्रंथाने या नाचाची वाटणीच करून दिली आहे: डमरूत सृष्टी, अभयात पालन, अग्नीत संहार, टेकलेल्या पायात झाकून ठेवणं आणि उचललेल्या पायात मुक्ती. या हिशोबात गजहस्ताच्या वाट्याला स्वतःचं खातं येत नाही. तो फक्त उचललेल्या पायाकडे बोट दाखवतो. मला तो चारही हातांत सगळ्यात आवडतो. फ्रेंच शिल्पकार रोदँ याने या मूर्तीची छायाचित्रं पाहिली आणि तिच्यावर एक निबंध लिहिला. तो 1921 साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापून आला.

काही हात तर मुद्दाम अर्धवट ठेवलेले दिसतात. देवीच्या उजव्या हाताची बोटं वळवून मधे पोकळी राखलेली असते. याला कटकहस्त म्हणतात. शिल्पकाराने त्यात फूल घडवलं नाही, कारण ताजं फूल पुजारी खोवणार. तिरुवेंकाडूच्या अर्धनारीश्वराला हात तीनच, शिवाच्या बाजूला दोन आणि पार्वतीच्या बाजूला एक. वडक्कुपनैयूरच्या रामाचा डावा हात उंचावलेला आहे, पण त्यात धनुष्य नाही. तरी तो राम आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. आपल्या डोळ्यांना ते न दिसणारं धनुष्य लगेच दिसतं.

हातवाऱ्यांचं सगळं कोडं इथेच आहे. हात अर्धं बोलतो आणि उरलेलं बघणारा भरतो. बघणारा बदलला की अर्थही पालटतो.

याच संग्रहालयात अमरावतीच्या स्तूपाचे चुनखडीतले शिल्पपट आहेत. त्यातल्या एका गोल पटावर नलगिरी हत्ती दोनदा कोरलाय: एकदा पिसाळून रस्त्यात माणसं तुडवताना आणि दुसऱ्यांदा बुद्धापुढे गुडघे टेकताना. अभयाचा तळवा समोर धरण्यात केवढा धीर असू शकतो, हे आपल्या देवळांना आणि विहारांना शतकानुशतकं ठाऊक आहे. आता बोटं फाकवून हाच तळवा ग्रीसमध्ये एखाद्याच्या तोंडासमोर धरून पाहा. तिथे ही मूत्झा, म्हणजे जाहीर अपमान. बायझंटाईन काळात गुन्हेगाराची धिंड काढताना त्याच्या तोंडाला काजळी फासत, त्यातून ही खूण आली असं तिथले लोक सांगतात.

अशा उगमकथा ऐकायला झकास असतात, पण जरा जपून घ्याव्यात. रोमन प्रेक्षक अंगठा खाली करून ग्लॅडिएटरला मारायला सांगत, हे आपल्याला पाठ असतं. ते बहुतेक चित्रकार जेरोमच्या 1872च्या चित्रामुळे. रोमन लेखक अंगठा ‘वळवण्या’बद्दल लिहितात, पण कुठल्या दिशेला, ते स्पष्ट सांगत नाहीत.

नाचणाऱ्यांनी मात्र हा गोंधळ कबूल करून त्याचं शास्त्र केलं. नाट्यशास्त्रात एका हाताच्या 24 मुद्रा आहेत, ‘अभिनयदर्पणा’त 28. पहिलीच मुद्रा पताका: बोटं सरळ जुळवलेली, अंगठा दुमडलेला. ‘अभिनयदर्पण’ सांगतो की हिने ढग दाखवावा, रान, नदी, रात्र, घोडा दाखवावा. चांदणं दाखवावं आणि रणरणतं ऊनही! मग चांदणं कुठलं आणि ऊन कुठलं, हे ओळखायचं कसं? डोळ्यांवरून आणि गाण्यावरून. तंजावरात ते गाणं कधी मराठीही असे. दुसऱ्या सरफोजी राजांच्या नावावर नाचासाठी रचलेली मराठी निरूपणं आहेत. मराठी शब्द आणि तमिळ नर्तकी असा तो जमाखर्च होता.

जनावरांच्या बाजारात याच्या अगदी उलट चालतं. दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव करतात. आपल्याकडे आणि तमिळ मुलखातही ही रीत आहे, तिथे रुमालाऐवजी खांद्यावरचा पंचा. एवढी जगभरची भाषा आणि तिची सगळी किंमत ती कुणाला दिसू नये यात!

पण मराठी माणसाला चेन्नईत खरा धक्का बसतो तो पिळ्ळैयारच्या, म्हणजे आपल्या गणपतीच्या, देवळात. चांगली पोक्त माणसं मुठींनी कानशिलांवर टकटक करतात, मग हात उलटसुलट नेऊन दोन्ही कान पकडतात आणि चक्क उठाबशा काढतात. आपल्याला मास्तर आठवतात. तिथे तो नमस्कार आहे, ‘तोप्पुक्करणम’. त्याची गोष्ट अशी: गणपतीने खेळता खेळता विष्णूचं चक्र गिळलं. मागून देईना, दरडावून देईना. तेव्हा विष्णूने स्वतःचेच कान धरले आणि त्याच्यापुढे उठाबशा काढायला सुरुवात केली. ते ध्यान बघून गणपतीला असं हसू फुटलं, की चक्र तोंडातून खाली पडलं.