उजवा शंख, डावा शंख

इंदूरच्या आमच्या देवघरात एक उजवा शंख आहे. १९९१ साली बाबांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा आईने आपल्या दोन पाटल्या मोडून तो घेतला. मी त्या वेळी एम.बी.बी.एस.च्या शेवटच्या वर्षाला होतो. म्हणजे सर्वज्ञतेचाच तो काळ! मी बराच वाद घातला. बाबा पुढे सात महिनेच होते. शंख राहिला, आणि त्याची नित्यपूजाही.

जानेवारी २०१८ मध्ये धाकट्या भावाकडे अमेरिकेत टॅम्पा येथे गेलो असता फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील सॅनिबेल बेट पाहण्याचा योग आला. फोर्ट मायर्सच्या बाजूने पुलांवरून तेथे जाता येते. त्या किनाऱ्यालगतची बहुतेक बेटे उत्तर-दक्षिण पसरलेली आहेत. सॅनिबेल मात्र पूर्व-पश्चिम वळलेले आहे, त्यामुळे मेक्सिकोच्या आखाताच्या उथळ तळावरून लाटांनी लोटत आणलेले शंख-शिंपले सुपात पडावेत तसे येथे येऊन पडतात. पहाटे विजेऱ्या घेऊन कंबरेत वाकून चालणारी माणसे पाहिली आणि वाटले, एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाने येथेच दवाखाना थाटावा! या वाकण्याला 'सॅनिबेल स्टूप' असे नावच पडले आहे. रिकामा शंख खुशाल न्यावा. आत जीव असलेला नेण्यास १९९५ पासून बंदी आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात तेथील बेली-मॅथ्यूज राष्ट्रीय शंख संग्रहालय सुरू झाले. बेली बंधूंनी आईवडिलांच्या स्मरणार्थ त्यासाठी जागा दिली. निधी जमविण्यास हातभार लावणाऱ्यांत पडद्यावरचा पेरी मेसन, अभिनेता रेमंड बर, हाही होता. (वसतिगृहात शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथाखाली पेरी मेसन दडवून वाचणाऱ्या मित्रांनी नोंद घ्यावी.) कोनस जातीचे देखणे शंख पाहताना आपल्यातला वैद्य जागा होतोच. त्यांच्यापैकी कोनस मॅगसच्या विषातील एका पेप्टाइडवरून झायकोनोटाइड हे वेदनाशामक तयार झाले आणि २००४ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

पण माझे पाय अडले ते 'लायटनिंग व्हेल्क'पाशी. शंखाचे टोक वर धरून तोंड आपल्याकडे केले असता बहुतेक सर्व शंखांचे तोंड उजवीकडे येते, याचे डावीकडे. आपल्याकडे शंख नेमका उलटा, म्हणजे निमुळती नळी वर करून पाहतात. त्यामुळे शास्त्राचा डावा तोच आपला उजवा, दक्षिणावर्ती! आपल्या खऱ्या शंखात, म्हणजे टर्बिनेला पायरममध्ये, असा नमुना अतिदुर्मीळ. या व्हेल्कमध्ये मात्र डावेपणा हाच नियम, आणि भारतात दक्षिणावर्ती म्हणून विकले जाणारे कित्येक शंख याच जातीचे असतात. दोहोंतील फरक ओळखणे सोपे आहे. टर्बिनेलाच्या तोंडात मधल्या खांबावर तीन-चार ठळक वळ्या असतात. व्हेल्कचा खांब गुळगुळीत असतो.

भाऊ आणि मी एकमेकांकडे पाहिले. कोणीच काही बोलले नाही.

दुपारी किनाऱ्यावर त्याच व्हेल्कची अंड्यांची माळ सापडली. चामड्यासारख्या पातळ चकत्या एका दोऱ्यात ओवल्यासारख्या. वाळलेली एक चकती उघडली, तर आत तांदळाच्या कणीएवढे शंख, डझनावारी, आणि प्रत्येकाचे तोंड डावीकडेच! नवजात अर्भकांत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला ते दृश्य अंतर्बाह्य हलवून गेले. लिम्निया या गोड्या पाण्यातील गोगलगायीत कवच कोणत्या बाजूस वळणार हे पिल्लाच्या नव्हे, आईच्या जनुकांवरून ठरते, हे १९२० च्या दशकातच कळले होते. ते वाचले होते पूर्वी. आठवले मात्र तेथे, वाळूत बसल्यावर. बोटाएवढा एक रिकामा व्हेल्क मी खिशात टाकला.

इंदूरला परतल्यावर एका दुपारी, आई निजली असताना, देवघरातल्या शंखात बोट घातले. बराच वेळ वळ्या शोधल्या. खांब गुळगुळीत होता.

रोगनिदान नातेवाइकांना कसे सांगावे, हे आपण कनिष्ठांना शिकवीत असतो. मला चार दिवस लागले. शेवटी तो लहान शंख आईच्या हाती ठेवला आणि सारे सांगितले. तिने दोन्ही शंख शेजारी शेजारी धरून पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"म्हणजे हा एवढ्या लांबून, समुद्र ओलांडून आला?"

"हो."

"मग पाटल्या काही फार गेल्या नाहीत रे," ती म्हणाली. "आणि तुला काय वाटलं, त्याने बाबा बरे होतील म्हणून घेतला होता? तुम्ही डॉक्टर लोक दिवसभर त्यांच्यापाशी असायचात. मला काही करायला नको होतं का?"

सप्टेंबर २०२२ मध्ये 'इयन' चक्रीवादळाने सॅनिबेलचा रस्ता तोडला आणि संग्रहालयाच्या तळमजल्याची मोठी हानी केली. ती बातमी मी आईला वाचून दाखविली, तेव्हा तिने वरचे शंख वाचले का, एवढेच विचारले. मोठा शंख देवघरात आहे. लहान तिने मलाच परत दिला होता, "सुई टोचण्याआधी पोरांच्या हातात देत जा" म्हणून. तो माझ्या टेबलावर असतो.