जुन्या जीपचे पुढचे ब्रेक

मुंबईत जुळलेल्या विलीज जीपच्या वंशातली एखादी जुनी गाडी अजून कुणाच्या खळ्यात असतेच. तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक. कन्नडहून चाळीसगावकडे भरल्या गाडीनं औट्रम घाट उतरताना ब्रेकवर सारखा पाय राहिला, की ड्रम तापून फुगतात, लायनरची पकड जाते, पॅडल खोल जातं. डिस्क उघड्या हवेत लवकर थंड होते. म्हणून पुढे डिस्क बसवावी, पण आधी कमानी बघा. पट्टा तुटका, बुश झिजलेले, यू-बोल्ट ढिले असले तर नवा ब्रेक दाबताच गाडी बाजूला ओढेल. मग ते पैसे पाण्यात, बरं का!

ड्रम फिरता फिरता स्वतःच लायनरला ओढून घेतो, डिस्क तसं करत नाही. पाय जास्त दाबावा लागतो, म्हणून बूस्टर हवाच. जुन्या मास्टर सिलेंडरचं तेल चारही चाकांना एकाच वाटेनं जातं. एक नळी फुटली, की सगळे ब्रेक गेले. दोन कप्प्यांचा बसवा. फेरफारापूर्वी आर.टी.ओ.ची परवानगी घ्या. आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरा, डिस्क असली तरी.