परदेशात टॅक्सीत बसण्यापूर्वी

छत्रपती संभाजीनगरात वेरूळ-अजिंठ्यासाठी गाडी ठरवताना आधी नंबरप्लेट बघावी. पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे भाड्याची परवानाधारक गाडी. पांढरी पाटी म्हणजे खासगी, तिला प्रवासी भाडे घेण्याची मुभा नाही. (विजेवरच्या भाड्याच्या गाडीची पाटी हिरवी, आकडे पिवळे.)

विमानाने परदेशी निघालात तर तिथलीही खूण आधी माहीत करून घ्या. लंडनमध्ये रस्त्यात हात दाखवून फक्त काळी कॅब थांबवता येते, मिनीकॅब आधी बुक करावीच लागते. दुबईत गुलाबी छताची टॅक्सी महिला आणि कुटुंबांसाठी असते व ती महिला चालवते. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरून मॅनहॅटनला जाण्याचे पिवळ्या टॅक्सीचे मूळ भाडे ठरलेले असते.

विमानतळाच्या दारात ‘टॅक्सी पाहिजे का?’ म्हणत मागे लागणाऱ्याला सरळ नाही म्हणा आणि अधिकृत रांगेत उभे राहा. ॲपवरची गाडी असेल तर नंबर जुळवा आणि ‘कुणाला न्यायला आलात?’ असे चालकालाच विचारा. मागच्या सीटवर बसा. पासपोर्टची पिशवी डिकीत ठेवू नका, जवळच असू द्या. घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवा. आणीबाणीचा क्रमांक युरोपात भारतासारखाच 112, अमेरिकेत 911, तर दुबईत पोलिसांसाठी 999.